वर्डचे भरलेले फॉर्म एक्सेलमध्ये रिकामे का येतात?

केळीच्या कांदेबागेच्या, म्हणजे पावसाळा सरतानाच्या हंगामाच्या, लागवडी उरकल्या की आमच्या दुकानात दरवर्षी एक काम येतं. चोपडा, यावल, रावेर आणि तिकडे शिरपूर, म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याच्या केळी पट्ट्यातल्या शेतकऱ्यांचं सर्वेक्षण. फॉर्म वर्डमध्ये, उत्तरं वर्डमध्ये आणि मागणी एक्सेलची. "सगळ्या फायलींचा एक तक्ता करून द्या, परवापर्यंत." यंदा फायली होत्या १४३.

ऑनलाइन फॉर्म का नाही, हा प्रश्न मीही विचारून झालोय. सातपुड्याकडच्या गावांत नेटवर्क झाडावर चढलं तर मिळतं. त्यामुळे सर्वेक्षक लॅपटॉपवर नाहीतर मोबाईलवर फाईल भरतात आणि रेंजमध्ये आले की व्हॉट्सॲपवर टाकतात. ते काही लवकर बदलायचं नाही, म्हणून जे आहे त्यातून वाट काढू.

पहिल्या वर्षी भाच्यानं कुठूनतरी एक मॅक्रो, म्हणजे असं काम आपोआप करणारा छोटा प्रोग्राम, आणून चालवला आणि मला हाक मारली, "मामा, सगळ्या ओळी सारख्याच दिसताहेत." पाहतो तर अर्ध्या तक्त्यात शेतकऱ्याच्या नावाच्या जागी 'क्लिक ऑर टॅप हिअर टू एंटर टेक्स्ट', आणि उरलेला अर्धा कोराच. शिरपूरकडच्या सर्वेक्षकाला फोन लावला. तो म्हणाला, "भाऊ, मी ते समदं भरेल शे. तुमना कॉम्प्युटरमा दिखी नही ऱ्हायनं का?" फाईल उघडली तर खरंच सगळं भरलेलं होतं. डोळ्यांना दिसत होतं, मॅक्रोला दिसत नव्हतं.

या घोळामागे एक कारण नसतं, चार-पाच असतात आणि ती एकाच फोल्डरमध्ये एकमेकांत मिसळलेली असतात. म्हणून मॅक्रो शोधत बसण्याआधी हातात आलेली फाईल कोणत्या जातीची आहे ते ओळखायचं. आणि त्याच्याही आधी आलेल्या सगळ्या फायलींची एक वेगळी प्रत करून ठेवायची. मूळ फोल्डरला हात लावायचा नाही, अगदी नाव बदलायलासुद्धा नाही.

फाईलची जात कशी ओळखायची

उत्तराच्या जागेवर क्लिक करा. भोवती चौकट उमटली आणि तिच्या डोक्यावर नावाची लहानशी पट्टी आली, तर तो नवा प्रकार, कंटेंट कंट्रोल. वर्ड २००७ पासून तो आहे. त्यातली टिकची चौकट मात्र २०१० मध्ये आली.

चौकट उमटत नाही पण उत्तराची जागा करड्या रंगाची दिसते, तर तो जुना प्रकार, लेगसी फॉर्म फील्ड. खात्री करायची तर फॉर्मचं संरक्षण (रिस्ट्रिक्ट एडिटिंग) काढा आणि आल्ट दाबून एफ ९ दाबा. महिरपी कंसात फॉर्मटेक्स्ट, फॉर्मचेकबॉक्स, फॉर्मड्रॉपडाऊन असे शब्द दिसले की प्रश्न मिटला. पुन्हा आल्ट-एफ ९ दाबलं की सगळं पूर्ववत.

दोन्ही नाही, नुसती टिंबं किंवा अधोरेषा आणि त्यांच्यावर टाइप केलेलं, तर तो फॉर्मच नाही. तो फॉर्मसारखा दिसणारा कागद आहे. आपल्याकडे याच जातीच्या फायली जास्त येतात, कारण बनवणाऱ्यानं जुना छापील नमुना समोर ठेवून तो तसाच टाइप केलेला असतो.

पहिल्या वर्षीच्या आमच्या फोल्डरमध्ये तिन्ही जाती होत्या. मूळ फॉर्म जुन्या प्रकारचा होता, मधेच कुणीतरी त्यात नव्या चौकटी टाकल्या, आणि काही सर्वेक्षकांनी मोबाईलवरच्या ॲपमध्ये भरताना करडी जागा चालेना म्हणून ती खोडून शेजारी टाइप केलं. मॅक्रो फक्त नव्या चौकटी वाचणारा होता. त्याला जेवढं दिसलं तेवढं त्यानं आणलं, त्या बिचाऱ्याची काही चूक नाही.

जुन्या प्रकारचे फॉर्म

यासाठी मॅक्रो लागतोच असं नाही. वर्डमध्ये फाईल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड या वाटेनं खाली जा. फाईल शेअर करताना काय जपायचं, त्या भागात 'सेव्ह फॉर्म डेटा ॲज डिलिमिटेड टेक्स्ट फाईल' अशी टिक आहे. ती लावून फाईल साध्या टेक्स्टमध्ये सेव्ह केली की सगळी उत्तरं एका ओळीत, स्वल्पविरामांनी तोडलेली मिळतात. दहा-वीस फायली असतील तर हेच करा.

यात मराठी माणूस एका ठिकाणी हमखास अडकतो. सेव्ह करताना वर्ड एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, विचारतं आणि आपण सवयीनं ओके दाबतो. मग 'रावेर'च्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात, आणि ती प्रश्नचिन्हं परत अक्षरं होत नाहीत. मूळ फाईल नसेल तर मजकूर गेला तो गेला. तिथे 'अदर एन्कोडिंग' निवडून यूटीएफ-८ घ्यायचं. काम संपल्यावर ती टिक काढायलाही विसरू नका.

फायली शेकड्यात असतील तर मॅक्रो. तिथे दुसरी गाठ लागते ती नावांची. जुन्या प्रकारात प्रत्येक जागेला बुकमार्कचं नाव असतं आणि मॅक्रो त्या नावावरून उत्तर उचलतो. फॉर्म बनवणाऱ्यानं एक जागा तयार करून तिची नक्कल दहा ठिकाणी चिकटवली असेल, तर नाव पहिल्यालाच राहतं, बाकीच्या दहा जागा निनावी होतात. नव्या चौकटींत याच्या बरोबर उलट. तिथे नक्कल केली तर टॅग, म्हणजे चौकटीचं आतलं नाव, तोही सोबत जातो आणि एकाच नावाच्या अकरा चौकटी होतात. म्हणजे जुन्यात नाव गळतं, नव्यात नाव दुणावतं. मॅक्रो 'चालतो पण चुकीचं आणतो' अशा तक्रारी माझ्याकडे येतात, त्यांत बहुतेक वेळा हेच निघतं.

निनावी जागांसाठी उत्तरं क्रमांकानं वाचावी लागतात: पहिली जागा, दुसरी जागा, असं. पण एखाद्या सर्वेक्षकानं 'हा प्रश्न आम्हाला लागू नाही' म्हणून तक्त्यातली ओळच उडवली असेल, तर त्यापुढचं सगळं एक घर सरकतं. पाण्याच्या स्रोताच्या रकान्यात खोडांची संख्या दिसली की समजायचं. म्हणून मॅक्रोला फाईल वाचण्याआधी जागा मोजायला लावा. आकडा मूळ फॉर्मशी जुळला नाही तर ती फाईल बाजूला काढून तिचं नाव वेगळ्या शीटवर लिहायचं.

आणि एक इशारा. मॅक्रोतून संरक्षण काढून पुन्हा लावत असाल तर 'नोरीसेट' हा पर्याय ट्रू द्यायला विसरू नका. तो न दिल्यास वर्ड भरलेल्या जागा पुन्हा कोऱ्या करतं. नुसतं वाचायला संरक्षण काढावं लागतच नाही. फाईल रीड-ओन्ली उघडा, वाचा, सेव्ह न करता बंद करा.

कोऱ्या सोडलेल्या जुन्या जागेत वर्ड पाच रुंद मोकळ्या जागा ठेवून देतं, तीही लक्षात असू द्या. त्या कुठून तक्त्यात आल्या तर एक्सेलचं ट्रिम त्यांना हात लावत नाही, कारण ते साधी स्पेसच ओळखतं. त्यामुळे दिसायला रिकामी पण मोजायला भरलेली अशी घरं तयार होतात.

नव्या चौकटींचे फॉर्म

'क्लिक ऑर टॅप हिअर' हा मजकूर म्हणजे न भरलेल्या चौकटीतला सूचनेचा मजकूर. मॅक्रोनं चौकटीतला मजकूर जसाच्या तसा उचलला की तो पण येतो. तक्त्यात आल्यावर फाइंड-रिप्लेसनं खोडण्यापेक्षा मॅक्रोतच प्रत्येक चौकटीला 'शोइंग प्लेसहोल्डर टेक्स्ट' हा गुण विचारायचा. उत्तर ट्रू आलं की घर रिकामं सोडायचं. टिकच्या चौकटीचा मजकूर उचलू नका, नाहीतर तक्त्यात चौकोन येतील. 'चेक्ड' हा गुण वाचून हो-नाही लिहा.

वर सांगितलेली टेक्स्टमध्ये सेव्ह करायची सोय मात्र जुन्या जागांसाठीच आहे. नव्या चौकटींना ती लागू नाही. भाच्यानं एक अख्खी दुपार त्यात घालवली.

आता मॅक्रो लिहिताना मराठी माणसालाच आडव्या येणाऱ्या दोन गोष्टी. इंग्रजी फायलींवर काम करणाऱ्याला या कधी दिसत नाहीत, त्यामुळे तो सांगतही नाही.

एक म्हणजे फायलींची नावं. फोल्डरमधल्या फायली मोजायला बहुतेक तयार मॅक्रो 'डिर' ही जुनी आज्ञा वापरतात. तिला युनिकोड नावं कळत नाहीत. 'सावदा_गट४' अशी मराठी नावाची फाईल तिच्याकडून प्रश्नचिन्हं होऊन येते, आणि मग त्या नावाची फाईल सापडत नाही म्हणून मॅक्रो तिथेच बसतो. आमचा यंदाचा मॅक्रो अठराव्या फाईलवर असाच बसला. उपाय दोन: 'डिर'ऐवजी फाईल सिस्टीम ऑब्जेक्ट वापरा, किंवा प्रत केलेल्या फोल्डरमध्ये सगळ्या फायलींना ००१, ००२ अशी नावं द्या आणि जुनं-नवं नाव एका शीटवर जपा. मी दुसरा करतो. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फायलींची नावं तशीही तारीख आणि डब्ल्यूए-क्रमांक अशी निरर्थक असतात.

दुसरी म्हणजे मॅक्रोचा संपादक. त्याच्यात देवनागरी शीर्षकं थेट टाइप करता येत नाहीत, तिथेही प्रश्नचिन्हंच उमटतात. म्हणून टॅग इंग्रजी अक्षरांत ठेवा आणि मराठी शीर्षकं एक्सेलच्या वेगळ्या शीटवर टॅगशेजारी लिहून मॅक्रोला तिथून वाचायला लावा. याचा एक फायदाही आहे. पुढच्या वर्षी प्रश्नाचे शब्द बदलले तरी मॅक्रो उघडावा लागत नाही.

बाकीच्या खोड्या पटापट सांगतो. हेडरमध्ये किंवा टेक्स्ट बॉक्समध्ये ठेवलेली चौकट मॅक्रोला मुख्य मजकुरात सापडत नाही. आमचा सर्वेक्षण क्रमांक नेमका हेडरमध्ये होता. एखादी फाईल वर्डमध्ये उघडी असेल तर तिच्या शेजारी लहरचिन्ह आणि डॉलरनं सुरू होणारी लपलेली फाईल तयार होते, ती वगळायची. मॅक्रो मधेच मेला तर न दिसणारं वर्ड मागे चालूच राहतं आणि पुढच्या वेळी 'फाईल दुसऱ्याच्या वापरात आहे' असं सांगतं. टास्क मॅनेजरमधून ते बंद करा. आणि मॅक्रोची एक्सेल फाईल कुणी मेलवर पाठवली असेल तर ती चालतच नाही. फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'अनब्लॉक'ची टिक लावली की चालते. पाठवणारा ओळखीचा असेल तरच लावा.

टिंबांवर टाइप केलेले कागद

इथे जादू नाही. फॉर्म तक्त्यात असेल, म्हणजे डाव्या घरात प्रश्न आणि उजव्या घरात उत्तर, तर नशीब समजा. मॅक्रोनं उजवं घर उचलायचं आणि शेवटची दोन अक्षरं कापायची. वर्डच्या तक्त्यातल्या प्रत्येक घराच्या शेवटी न दिसणारी खूण असते, ती न कापल्यास एक्सेलमध्ये नावापुढे चौकोन येतो किंवा ओळ तुटते.

तक्ता नसेल तर 'शेतकऱ्याचे नाव' आणि 'गाव' या दोन शब्दांमधलं सगळं ते नाव, अशी पद्धत लावावी लागते. ती निम्म्याहून जास्त फायलींवर चालते, पण कुणी विसर्गचिन्ह टाइप केलेलं असतं, कुणी अपूर्णविराम, कुणी 'शेतकऱ्याचे' खोडून 'शेतकर्‍याचे' केलेलं असतं. दोन्ही ऱ्या डोळ्यांना जवळपास सारख्या, संगणकाला वेगवेगळ्या. उरलेल्या फायली हातानं घ्या, वेळ वाचेल.

एक्सेलमध्ये आल्यावरची पडझड

इतकं करून माहिती आली की माणूस सुटकेचा नि:श्वास टाकतो. खरं तर माझा सर्वांत मोठा पचका यापुढेच झाला. पहिल्या वर्षी तक्ता देऊन टाकला आणि चार दिवसांनी फोन आला, "गट नंबरच्या जागी तारखा कशा?" फॉर्ममध्ये गट होता १२ भागिले ३ असा तिरक्या रेषेनं लिहिलेला. स्वल्पविरामांची फाईल मी डबल क्लिक करून उघडली आणि एक्सेलनं परस्पर त्याची डिसेंबरची नाहीतर मार्चची तारीख केली. सेव्ह केल्यावर मूळ गट नंबर उरलाच नाही. बँक खात्याचे लांब आकडे तर आणखी वाईट. एक्सेल १५ अंकांपर्यंतच आकडा अचूक धरतं, सोळाव्या अंकापासून शून्य घालतं.

डबल क्लिक करूच नका. कोरं एक्सेल उघडून 'डेटा' टॅबमधून 'फ्रॉम टेक्स्ट' या वाटेनं आणा, एन्कोडिंग ६५००१ म्हणजे यूटीएफ-८ निवडा, आणि प्रकार आपोआप ओळखू नका असं सांगा. मॅक्रोनं थेट घरात लिहीत असाल तर गट, मोबाईल, खाते क्रमांक हे कॉलम लिहिण्याआधीच 'टेक्स्ट' करून ठेवा. नंतर केले तर उपयोग नाही.

आकड्यांचं दुसरं दुखणं आपल्या घरचंच. काही सर्वेक्षक १५०० असं मराठी अंकांत लिहितात, काही इंग्रजी अंकांत. मराठी अंकांची घरं एक्सेलच्या बेरजेत धरलीच जात नाहीत, आणि ते कसली तक्रारही करत नाही, फक्त बेरीज कमी येते. शून्य ते नऊ असे दहा वेळा फाइंड-रिप्लेस करा, सुटका होते. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा येणाऱ्यांना मात्र इथे आराम आहे, त्याला देवनागरी अंक आपले आपण समजतात.

क्षेत्राचा रकाना वेगळाच. एकाच गावातल्या तीन फॉर्ममध्ये '२ एकर', '८१ आर' आणि '०.८१.००' असं लिहून आलं. तिन्ही एकच. तिसरं सातबाऱ्यावरून उतरवलेलं आहे, हेक्टर, आर, चौरस मीटर असं. दोन टिंबं असल्यानं एक्सेल त्याला आकडा मानत नाही. असल्या रकान्याला मॅक्रोनं हात लावायचा नाही. मूळ मजकूर एका कॉलमात तसाच ठेवायचा आणि शेजारी हेक्टरचा कॉलम डोळ्यांखालून घालत भरायचा.

गावांची नावं आणि कृती देव

एक्सेलमध्ये पिव्होट, म्हणजे तालुकावार गोषवारा, केला तर चोपडा तालुका दोनदा आला. दोन्हीकडे चोपडा. भाचा म्हणाला शेवटी स्पेस असेल. नव्हती. घर मोठं करून पाहिलं तर एकात 'चोपडा' आणि एकात 'चोपड़ा', ड खाली हिंदीचा नुक्ता. मोबाईलवर हिंदी कीबोर्ड लावलेल्या सर्वेक्षकाचं ते काम. तो कीबोर्ड सुचवतोच तसं.

काही फायलींत तर गावाच्या रकान्यात नुसती इंग्रजी अक्षरं: जे, के, ओ, एस, जे. ही कचरा माहिती समजून पुसू नका. हा कृती देव फॉन्टमधला 'रावेर' आहे. त्या फॉन्टमध्ये जे म्हणजे र, के म्हणजे काना, ओ म्हणजे व, एस म्हणजे मात्रा. वर्डमध्ये फॉन्ट लागलेला असतो म्हणून मराठी दिसतं, एक्सेलकडे येताना फॉन्ट मागे राहतो. कृती देव ते युनिकोड कन्व्हर्टर सहज मिळतात, पण अख्खी फाईल त्यात टाकू नका. युनिकोडमध्ये टाइप केलेली उत्तरं आणि खरे इंग्रजी शब्दही त्यात बिघडतात. फक्त तेवढी घरं निवडा आणि झाल्यावर जोडाक्षरं आणि रफार वाचून काढा.

यंदा काय बदललं

फॉर्म बनवणाऱ्यांकडे जाऊन बसलो, चहा घेतला आणि चार बदल करून घेतले. सगळ्या जागा नव्या प्रकारच्या केल्या. जुन्या ड्रॉपडाऊनमध्ये २५ च्या वर नावं बसत नाहीत, त्यामुळे तालुक्यातली गावं त्यात मावत नव्हती आणि गाव टाइप करायला सोडलेलं होतं. आता यादीतून निवडायचं. बागेचा प्रकारही यादीत: मृगबाग, कांदेबाग, पिलबाग. प्रत्येक चौकटीला स्वतंत्र टॅग, आणि तिच्या प्रॉपर्टीजमध्ये 'ही चौकट खोडता येणार नाही' ही टिक. क्षेत्राच्या दोन चौकटी, हेक्टर वेगळं, आर वेगळं. मग वाटप करण्याआधी मीच एक खोटा फॉर्म भरला, गट नंबर तिरक्या रेषेचा, अंक मराठी, एक रकाना कोरा, आणि तो तक्त्यात उतरवून पाहिला. हेडरमधला सर्वेक्षण क्रमांक तेव्हाच निसटलेला सापडला.

तरीही शेवटी फायली आणि ओळी मोजतोच. यंदा फायली १४३, ओळी १४०. दोन फायली जुन्या डॉक प्रकारात सेव्ह झालेल्या होत्या आणि मॅक्रो फक्त डॉकएक्स शोधत होता, आणि डॉकमध्ये नव्या चौकटी साधा मजकूर होऊन जातात, म्हणून त्या सर्वेक्षकांकडून डॉकएक्समध्ये पुन्हा भरून घेतल्या. तिसरी उघडली तर आत एकही चौकट नाही, एक फोटो. सर्वेक्षकानं फॉर्मची प्रिंट काढून ती पेनानं भरली, मोबाईलवर तिचा फोटो काढला आणि तो वर्डमध्ये चिकटवून पाठवला. अक्षर मात्र मोत्यासारखं होतं. तो एक फॉर्म मी हातानंच टाइप केला.